काळारामाचा रथ : दोर ओढणाऱ्यांचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की वाट ठरलेली असते. स्थापनेची तारीख, पहिली कार्यकारिणी, अध्यक्षांची नामावली, इमारत निधीला हातभार लावणाऱ्यांचे आभार. पंचवटीतल्या श्री काळारामाच्या रथोत्सवाचा इतिहास या वाटेने लिहिता येत नाही. हा उत्सव पेशवाईपासूनचा, आणि तो उभा आहे मानांवर. रामाची सेवा कोणत्या घराण्याने करायची, रथाचा दोर कोणत्या तालमीने धरायचा, धुरा कोणी सांभाळायची, रथापुढे उलट्या पावली कोणी चालायचे, हे सगळे पिढ्यानुपिढ्या ठरलेले आहे. चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला, हे सारे मान एका रस्त्यावर येतात आणि पंचवटी गाव म्हणून एकत्र दिसते. म्हणून या लेखात देवळापेक्षा मी दोराबद्दल जास्त लिहिणार आहे. तो कोणाच्या हाती होता, कोणाला धरू दिला गेला नाही आणि त्यातून काय घडले, हाच या उत्सवाचा खरा इतिहास आहे अशी माझी धारणा आहे.

आधी गावाविषयी. गोदावरीच्या उजव्या तीरावर जुने नाशिक, डाव्या तीरावर पंचवटी आणि मध्ये रामकुंड. हे कुंड इ.स. १६९६ च्या सुमारास बांधले गेले आणि पुढे गोपिकाबाई पेशवे यांनी त्याची दुरुस्ती करविली. अठराव्या शतकात मराठी सत्तेची घडी बसली तशी दोन्ही काठांवर दगडी देवळे उठू लागली. १७४७ मध्ये सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांचे रामेश्वराचे देऊळ झाले, १७५६ मध्ये समोरच्या काठी सुंदरनारायणाचे. नारोशंकराच्या देवळावरची प्रचंड घंटा मूळची पोर्तुगिजांची. १७२१ साली ओतलेली ती घंटा वसईच्या विजयानंतर इकडे आली. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की पंचवटीतली माणसे दोनच खुणा विचारतात : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले आणि नारोशंकराच्या घंटेला लागले का. १९६९ आणि २००८ च्या पुरांत या दोन्ही प्रश्नांनी काठावरच्या घरांची झोप उडवली होती.

पंचवटीचा संसार यात्रेकरूंवर चालत आला. क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यांत वह्यांची बाडे आहेत. विदर्भातून किंवा गुजरातेतून आलेला यात्रेकरू आपले गाव आणि आडनाव सांगतो आणि उपाध्ये त्याला त्याच्या पणजोबाची सही काढून दाखवतात. ही वह्यांची परंपरा म्हणजे देशभरातल्या सामान्य घराण्यांचा एक मोठा दप्तरखाना आहे, आणि तो कोणत्याही सरकारी मदतीशिवाय टिकला आहे. या वाड्यांच्या आजूबाजूला पाथरवटांची गल्ली, हारफुलांची आणि पूजासाहित्याची दुकाने, धर्मशाळा आणि तालमी. बुधवारी गंगाघाटावर आठवड्याचा बाजार भरतो. दिंडोरी आणि पेठ या दोन्ही तालुक्यांचे रस्ते पंचवटीतूनच फुटत असल्यामुळे त्या बाजूची खेडी इथल्या गर्दीत कायम मिसळलेली असतात.

या वस्तीच्या मध्यावर काळारामाचे मंदिर आहे. सरदार रंगराव ओढेकर यांनी ते बांधविले. बांधकामाशी १७८२ हे साल जोडलेले आहे. दोन हजार माणसे बारा वर्षे खपत होती आणि तेवीस लाख रुपये खर्च आला, असे परंपरेने सांगितले जाते. दगड आणला रामशेजच्या डोंगरातून. औरंगजेबाच्या फौजेला ज्या किल्ल्याने वर्षानुवर्षे दाद दिली नाही तोच हा रामशेज. मंदिराभोवती सतरा फूट उंच तट आहे, चार दिशांना चार दरवाजे आहेत आणि आत ओवऱ्या. गाभाऱ्यात राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या काळ्या पाषाणाच्या मूर्ती, आणि समोरचा मारुतीही काळ्याच पाषाणाचा. या चार दरवाजांचे वर्णन वास्तूच्या कौतुकापुरते मी केलेले नाही. पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

रथाची कथा गोपिकाबाईंपासून सुरू होते. नानासाहेब पेशव्यांच्या या पत्नी मूळच्या वाईच्या रास्ते घराण्यातल्या. तीन मुलांचे मृत्यू पाहिल्यावर त्यांनी उतारवय नाशिकजवळ गंगापूर आणि पंचवटी येथे काढले आणि १७८८ मध्ये इथेच देह ठेवला. नातू सवाई माधवराव आजारी असताना त्यांनी रामाला नवस केला, नवस फळाला आला आणि रास्ते सरदारांनी रामाला रथ अर्पण केला, असे पंचवटीत सांगतात. रास्त्यांचे नाव आजही रथाला चिकटलेले आहे. रामरथाचा दोर धरण्याचा मान सरदार रास्ते आखाडा तालीम संघाचा आहे. धुरा सांभाळून रथाला वळण देण्याचे जोखमीचे काम पाथरवट समाजाकडे आहे. रामरथाच्या पुढे चालणारा गरुडरथ अहिल्याराम व्यायामशाळेचे तरुण ओढतात.

ही मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. रथ अर्पण केला सरदार घराण्याने, देवाची पूजा पुजारी घराण्याकडे, पण रथ चालतो तो तालमीतल्या पोरांच्या मनगटावर आणि दगड फोडणाऱ्या समाजाच्या अंदाजावर. जड लाकडी रथ उतारावर सुटला तर त्याला आवरणारे यंत्र नाही. वळणावर धुरा हातभर चुकली तर चाक ओट्यावर जाते. ज्यांना वजन कसे हलते हे ठाऊक आहे त्यांच्याच हाती धुरा असणे यात शहाणपण होते, आणि ते कोणा एका माणसाचे नसून गावाचे होते.

गुढीपाडव्यापासून मंदिरात वासंतिक नवरात्र बसते, नवमीला दुपारी बारा वाजता जन्म होतो आणि एकादशीला रथ निघतात. पूर्व दरवाजातून उत्सवमूर्ती येतात, रामरथात बसतात. रामाच्या पादुका गरुडरथात असतात. त्या वर्षीचे मानकरी बुवा पांढऱ्या वेशात रथासमोर उभे राहतात. रामाकडे पाठ करायची नाही म्हणून संपूर्ण मार्ग ते रामाकडे तोंड करून उलटे चालतात. गर्दी, गुलाल, ढोल आणि मागून येणारा अजस्र रथ असताना तासन्‌तास उलटे चालणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो विसरत नाही. बुवांच्या भोवती तरुणांचे कडे असते. पाठीमागचा रस्ता त्यांना दिसत नाही, तो त्या तरुणांच्या डोळ्यांनी चालायचा असतो.

रथ नागचौकातून गणेशवाडीकडे आणि तिथून गंगेच्या पटांगणाकडे येतात. इथे एक जुना दंडक आहे. रामरथ नदी ओलांडत नाही. तो पंचवटीच्या काठावर थांबून राहतो आणि गरुडरथ पलीकडे जातो. दहीपूल, मेनरोड, सराफ बाजार असा फिरून तो जुन्या नाशिकला दर्शन देतो आणि परत येतो. मग दोन्ही रथ एकत्र होतात, रात्री रामकुंडात उत्सवमूर्तींचे अवभृथ स्नान होते आणि रथ देवळाकडे वळतात. राम आपले गाव सोडत नाही, पण शेजारच्या गावाला उपाशीही ठेवत नाही, असा हा बंदोबस्त आहे. कोणी केव्हा ठरवला याचा लेख मिळो न मिळो, तो आजवर पाळला गेला आहे. टाळेबंदीमुळे २०२० च्या चैत्रात रथ जागचे हलले नाहीत, तेव्हा अनेक वृद्धांनी आयुष्यात पहिल्यांदा रथाविना एकादशी पाहिली.

तालमींचे काम एकादशीपुरते नसते. रंगपंचमीला शनि चौकातली रहाड उघडते. रहाड म्हणजे पेशवेकालीन दगडी हौद. वर्षभर तो लाकडी ओंडके आणि माती टाकून झाकलेला असतो आणि त्यावरून वाहने जातात. त्या एका दिवसासाठी तो उपसून, पूजा करून, उकळलेल्या फुलांच्या रंगाने भरतात आणि मग ज्याची हिंमत असेल त्याने आत धप्पा मारायचा. पुराच्या वेळी काठावरच्या घरांतले सामान वर काढायला धावणारे आणि सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुकीत दोर धरून गर्दी आवरणारे हात बहुधा याच पोरांचे. सिंहस्थाचा भार पंचवटीच्या चिंचोळ्या गल्ल्यांनी किती सोसायचा हा प्रश्न २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकात फार क्रूरपणे समोर आला. रामकुंडाकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. पुढचा सिंहस्थ दारात उभा असताना हा आकडा स्मरणिकेत छापलेला असावा.

आता १९३० कडे येतो. आजवरच्या बहुतेक स्मरणिकांत हे वर्ष एका वाक्यात आटोपलेले असते किंवा नसतेच. माझ्या मते रथोत्सवाच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष हेच.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकमध्ये परिषद झाली आणि दुपारी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराकडे मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसे, चारचारांच्या रांगा, रांग जवळजवळ मैलभर लांब, आणि सारे शिस्तीत. दारे बंद होती. मिरवणूक तिथून गोदेच्या काठावर गेली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, सत्याग्रहींची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर जाऊन बसली. तिच्यात १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. सत्याग्रहाच्या संघटनेचा मुख्य भार उचलला भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब गायकवाड यांनी. दादासाहेब दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. पंचवटीतून जो रस्ता दिंडोरीला जातो त्याच वाटेवरचा हा माणूस, वयाने अवघा सत्तावीस वर्षांचा. अमृतराव रणखांबे, पां. ना. राजभोज, पतितपावनदास ही मंडळी बरोबर होती.

हा लढा एकाएकी उभा राहिलेला नव्हता. १९२४-२५ मध्ये त्रावणकोरात वैकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह झाला होता. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले, त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवीचा प्रश्न उभा राहिला, १९२९ मध्ये पुण्याच्या पर्वतीचा. पण काळारामाइतका दीर्घ आणि इतका मोठा सत्याग्रह दुसऱ्या देवळापुढे महाराष्ट्रात झाला नाही. तारखांकडेही पाहा. गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले ते १२ मार्चला. पंचवटीतली माणसे त्याच्या नऊ-दहा दिवस आधीपासून उन्हात दगडी पायऱ्यांसमोर बसलेली होती.

महिनाभर दारे उघडली नाहीत. मग आली रथाची एकादशी. तारीख ९ एप्रिल १९३०. रथ काढायचा तर देवळाबाहेर यावे लागणार आणि बाहेर हजारो सत्याग्रही उभे. तेव्हा तडजोड ठरली : दोन्ही बाजूंच्या धडधाकट तरुणांनी मिळून रथ ओढायचा. या तडजोडीचा अर्थ आपण शांतपणे समजून घ्यायला हवा. कोणाचा मान काढून घेण्याची ही गोष्ट नव्हती. पुजाऱ्याने पुजारीच राहायचे, तालमीने तालीमच. फक्त दोरावर आणखी काही हात पडणार होते. ज्या गावाने रथ ओढणे हे सामान्य माणसाचे काम मानले होते त्या गावाला हे अवघड जायला नको होते.

प्रत्यक्षात तसे झाले नाही. सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच स्पृश्य मंडळींनी रथ अरुंद वाटेने पळवत नेला. वाटेवर सशस्त्र पोलीस होते. सत्याग्रही मागे धावले आणि दगडांचा वर्षाव झाला. भास्कर कद्रेकर हा तरुण पोलिसांचे कडे फोडून रथापर्यंत पोचला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. बाबासाहेबांनाही इजा झाली. समेटासाठी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने सभा भरली होती, तीही दांडगाई करून उधळली गेली. नंतर जिल्ह्यातल्या खेड्यांत अस्पृश्यांच्या मुलांना शाळेतून काढणे, वाटा बंद करणे, दुकानात माल न देणे असे सूड उगवले गेले. दगड पंचवटीत पडले, पण त्याचा दंड दूरच्या वाड्यावस्त्यांनी भरला.

सत्याग्रह त्या दिवशी संपला नाही. तो पुढे साडेपाच वर्षे या ना त्या रूपात चालू राहिला. दादासाहेब आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा उभे राहिले. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून आपली भूमिका कळवली. मूर्तिपूजक व्हावे म्हणून किंवा देवळात गेल्याने प्रश्न सुटेल म्हणून त्यांनी हा लढा उभारला नव्हता. समाजाला जाग यावी, आपली स्थिती कळावी, हा हेतू होता, आणि तो साधल्यावर बळ शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवायचे होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर काळारामाच्या दारातले सत्याग्रही उठले.

कायदा उशिरा आला. १९४७ मध्ये मुंबई इलाख्यात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलासाठी उपोषण केले. १९५० मध्ये घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली, १९५६ मध्ये मुंबई राज्याने सार्वजनिक पूजास्थानांच्या प्रवेशाचा आणखी व्यापक कायदा केला. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दार उघडले तेव्हा ज्यांच्यासाठी ते उघडायचे होते ते लाखो लोक दुसऱ्या वाटेला लागले होते. पंचवटीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी हानी आहे, कोणत्याही पुरापेक्षा मोठी. ती बाहेरच्या कोणी केली नाही. आपल्याच गल्ल्यांत, आपल्याच पूर्वजांच्या हातून झाली.

दादासाहेब पुढे खासदार झाले, भूमिहीनांच्या सत्याग्रहांचे नेते झाले, १९६८ मध्ये पद्मश्री झाले आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी गेले. रिपब्लिकन पक्षाच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. रथोत्सवाच्या इतिहासातही ते रास्ते सरदारांच्या शेजारी लिहिले गेले पाहिजे, असे मला वाटते. एकाने रथ दिला. दुसऱ्याने विचारले, हा रथ सगळ्यांचा आहे ना? संस्थेला घडवणारे हे दोन्ही प्रसंग आहेत.

काहींना वाटते, उत्सवाच्या अंकात कटू आठवण कशाला. मला हे पटत नाही. आपण रथाचा इतिहास अभिमानाने सांगतो तो त्यात वय आहे, शिस्त आहे, वाटून घेतलेले काम आहे म्हणून. तीच शिस्त त्या १५० सत्याग्रहींनी चार दरवाजांवर दाखवली होती, आणि तीही काही न मिळता. त्यांना पंचवटीच्या बाहेरचे समजणे चूक आहे. ते बसले होते ते याच गावाच्या पायऱ्यांसमोर, आणि मागत होते ते याच गावातले स्थान.

आज रथाच्या दिवशी कोणालाही त्याची जात विचारली जात नाही आणि दर्शनाची रांग सर्वांना एक आहे. हे चांगलेच आहे, पण त्यामुळे १९३० ची नोंद अनावश्यक ठरत नाही. त्या पहिल्या तुकडीतल्या १५० जणांची नावे किती घरांना ठाऊक आहेत? त्यातल्या २५ स्त्रियांची तर आणखीच कमी. नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवला या भागांत त्यांची नातवंडे-पतवंडे आहेत. तशीच, ज्या घरांनी तेव्हा दारे बंद ठेवली किंवा दोर पळवला त्यांचीही नातवंडे पंचवटीत आहेत, आणि त्यांच्याकडेही आठवणी, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या असतील.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. आपल्या घरात आजी-आजोबांनी सांगितलेली १९३० ते १९३५ ची काही आठवण असेल, एखादे छायाचित्र, पत्रक, तुरुंगातले पत्र किंवा रथाच्या खर्चाची जुनी नोंद असेल, तर ती लिहून काढा. मूळ कागद घरी ठेवा, पण एक प्रत काढून नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. १८४० पासून चालत आलेल्या त्या ग्रंथालयात ती सांभाळली जाईल. वृद्ध माणसे घरात असतील तर त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. हे काम येत्या एक-दोन वर्षांतच व्हायला हवे. तो काळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यांकडून ऐकलेली पिढीही आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहे.